वाडगा कशात बुडवायचा?

मुलांनो, आधी एक सोपा प्रश्न. लोणचं कशात ठेवतात? बरणीत. प्यायचं पाणी? माठात. पापड? घट्ट झाकणाच्या डब्यात. बघा, कशी पटापट उत्तरं दिलीत! आता जरा अवघड विचारते. लोणचं पत्र्याच्या डब्यात का ठेवत नाहीत? पापड माठात ठेवले तर काय होईल? आता लागलात ना डोकं खाजवायला?

आपल्या घरातली भांडी आपल्याला इतकी सवयीची झालेली असतात, की कशात काय ठेवायचं आणि ते का, हा प्रश्नच पडत नाही. आपल्या आज्यांनी, पणज्यांनी तो कधीच सोडवून ठेवलाय. पण एखादी अगदी नवीन वस्तू समोर आली, की सगळा विचार पहिल्यापासून करावा लागतो. मला आणि माझ्या चौथीच्या मुलांना तो करावा लागला, तो एका बाभळीमुळे.

आमची शाळा लहानशी. चौथीत तेव्हा अकरा मुलं होती. मैदानाच्या कडेला एक जुनी बाभूळ होती. तिच्या काट्यांनी आमच्या सगळ्यांच्याच चपला कधी ना कधी भोसकल्या होत्या. पण तिच्यावर सुगरणीची घरटी झुलायची, तिच्या शेंगा खायला शेळ्या यायच्या आणि तिच्या डिंकानं मुलं वहीत चित्रं चिकटवायची. २०२३ सालच्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला, वारं सुटलं आणि एका रात्रीत बाभूळ आडवी झाली. सकाळी मुलं तिच्याभोवती गोळा होऊन गप्प उभी होती. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आम्ही मे महिन्यात शाळा सोडून जाणार, आणि ही आमच्या आधीच गेली."

माझा मामा कातारी आहे. कातारी म्हणजे लाकूड कातणारा. लेथवर लाकडाचा ठोकळा गरगर फिरवायचा आणि त्याला पटाशी लावून गोल आकार काढायचा, हे त्याचं काम. भोवरे, लाटणी, ताक घुसळायच्या रव्या, पाळण्याचे दांडे असं सगळं तो करतो. बाभळीचं लाकूड कठीण आणि चिवट. बैलगाडीच्या चाकांना, नांगराला, कुळवाला पूर्वीपासून तेच वापरतात. मी मामाला म्हटलं, "मामा, या बाभळीचे अकरा वाडगे कराल का? चौथीतल्या प्रत्येकाला एकेक. एप्रिलच्या शेवटी निरोप समारंभ आहे."

मामा हसला. म्हणाला, "अगं, वाडगे मी चार दिवसांत कातून देईन. पण ओल्या लाकडाचे वाडगे एप्रिलपर्यंत उभे फाटतील, त्याचं काय करू?"

लाकूड का फाटतं, ते समजून घेऊ या. नुकत्याच पडलेल्या झाडात खूप पाणी असतं. काही पाणी लाकडाच्या बारीक बारीक पेशींच्या पोकळीत असतं आणि काही त्या पेशींच्या भिंतींत मुरलेलं असतं. पोकळीतलं पाणी गेलं तर लाकूड फक्त हलकं होतं. पण भिंतींतलं पाणी जायला लागलं, की लाकूड आक्रसतं. तेही सगळीकडून सारखं नाही! झाडाची वर्तुळं ज्या दिशेनं फिरतात, त्या दिशेनं ते सगळ्यात जास्त आक्रसतं. गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्यानं, आणि उंचीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. म्हणून ओल्या लाकडाचा गोल वाडगा वाळला, की लंबगोल होतो. शिवाय बाहेरचं लाकूड आधी वाळतं आणि आतलं मागं राहतं. बाहेरचं आक्रसू बघतं, आतलं त्याला आक्रसू देत नाही. या ओढाताणीत पडतो तडा. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात ना, त्यातलाच हा प्रकार.

कातारी लोकांनी यावर उपाय काढलेला आहे. ओल्या लाकडाचा वाडगा आधी जाडजूड, ओबडधोबड कातून ठेवायचा. त्याची भिंत वाडग्याच्या रुंदीच्या साधारण एक दशांश जाड ठेवायची. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या वाडग्याला दीड सेंटिमीटर. मग तो सावकाश वाळू द्यायचा. वाकडा झाला तरी बिघडत नाही. जाडी शिल्लक असते, तेव्हा तो पुन्हा लेथवर चढवून गोल करता येतो. पण या सावकाश वाळण्याला कित्येक महिने लागतात. आमच्याकडे होते सहा आठवडे.

मामाचा मुलगा पुण्यात फर्निचरच्या कारखान्यात आहे. त्यानं एक वेगळी युक्ती सांगितली. अमेरिकेतले हौशी कातारी असा ओबडधोबड वाडगा एक दिवस स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतात. स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. ते लाकडात शिरतं, तिथल्या थोड्या पाण्याची जागा घेतं आणि मग पाण्यापेक्षा लवकर उडून जातं. बुडवून काढलेला वाडगा बाहेरून कागदात गुंडाळतात आणि आतली बाजू उघडी ठेवतात. म्हणजे आतलं आधी वाळतं, बाहेरचं मागून, आणि तडे कमी पडतात. महिन्यांचं काम दोन-तीन आठवड्यांवर येतं. या युक्तीबद्दल कातारी लोकांत एकमत नाही. कुणी म्हणतं स्पिरिटमुळे फरक पडतो, कुणी म्हणतं खरी करामत कागदाची. पण आमच्याकडे वेळ थोडा होता. मामा म्हणाला, "करून बघू."

स्पिरिट मामाला नवीन नव्हतं. लाकडाला पॉलिश करायला चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. नवीन प्रश्न एकच होता. वाडगा बुडवायचा कशात?

इथं मी वर्गात एक गोष्ट पक्की सांगून टाकली. स्पिरिटला आपण कुणीच हात लावायचा नाही. ते काम मामाआजोबांचं, त्यांच्या शेडमध्ये. आपण फक्त भांडं निवडून द्यायचं, आणि त्यासाठीचे सगळे प्रयोग साध्या पाण्यानं करायचे. डी.एड.ला असताना आम्हाला शैक्षणिक साहित्य करायला शिकवायचे, तक्ते, चकत्या, असलं काहीबाही. पण त्या आठवड्यात मुलांनी घरून जे साहित्य आणलं, त्याला तोड नाही! घमेलं, कळशी, माठ, लोणच्याची बरणी, तेलाचा रिकामा डबा, काचेची मोठी बाटली, रंगाच्या रिकाम्या बादल्या. वर्गाचं अगदी भांड्यांचं दुकान झालं. मामानं एक तडा गेलेला वाडगा नमुना म्हणून दिला होता, तो टेबलावर मधोमध ठेवला आणि परीक्षा सुरू झाली.

पहिला बाद झाला माठ. माठाच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी पाझरतं, उडून जातं आणि म्हणून तर आतलं पाणी गार राहतं. पण स्पिरिट पाझरलं तर सगळं हवेत जाणार, आणि ते धोक्याचं.

लोणच्याची बरणी सगळ्यांना आवडली. चिनी मातीला वरून काचेसारखा थर असतो, त्यामुळे ती पाझरत नाही आणि कशाशी भांडतही नाही. पण वाडगा आत घालायला गेलो, तर बरणीचं पोट मोठं आणि तोंड लहान. वाडगा गळ्याशीच अडला. तेव्हा नियम एक: भांड्याचं पोट बघण्याआधी तोंड बघावं.

मग आलं घमेलं आणि तेलाचा डबा. यांचा दोष पटकन दिसत नाही, म्हणून एक प्रयोग केला. एका पेल्यात कडक कोरा चहा घेतला आणि त्यात गंजके खिळे टाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी चहा काळाकुट्ट! चहात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ते लोखंडाला भेटलं, की काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र करून काळी शाई करत, ती याच कारणानं. आणि बाभूळ म्हणजे तर टॅनिनचं कोठार. तिच्या सालीनं कातडी कमावतात. ओला बाभळीचा वाडगा लोखंडी भांड्यात ठेवला असता, तर त्यावर शाईचे डाग पडले असते. (हा प्रयोग तुम्हीही करू शकता. मात्र चहा नंतर ओतून द्यायचा, प्यायचा नाही!)

काचेच्या बाटलीत आतलं दिसतं आणि काच डागही पाडत नाही. पण फुटली तर? पाणी सांडलं तर पुसता येतं. स्पिरिट सांडलं, की त्याची वाफ जमिनीवरून सरपटत जाते, कारण ती हवेपेक्षा जड असते. दूर कुठं शेगडी किंवा निरांजन असलं तरी ती तिथवर पोचू शकते. आणि स्पिरिटची ज्योत इतकी फिकट असते, की भर उन्हात दिसतही नाही. काच बाद.

स्टीलचा मोठा डबा चालला असता. स्टील गंजत नाही. पण एक मुलगा म्हणाला, "बाई, तो डबा नंतर आई परत पिठाला घेईल की!" बरोबर बोलला. स्पिरिटला वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. स्टीलचा डबा दिसायला इतका छान असतो, की कुणालाही मोह होईल.

राहिलं प्लॅस्टिक. पण प्लॅस्टिकच्याही जाती असतात. भांडं उलटं करून तळ पाहा. त्यावर एक त्रिकोण आणि त्यात आकडा दिसतो. २ आणि ५ हे आकडे असलेलं प्लॅस्टिक स्पिरिटला दाद देत नाही. याउलट काचेसारखं दिसणारं अॅक्रिलिक अल्कोहोल लागलं, की बारीक चिरांनी भरून जातं. मुलांनी सगळ्या बादल्या उलट्या केल्या आणि आकडे वाचत सुटली. रंगाच्या दोन पांढऱ्या बादल्यांच्या तळाशी ५ निघाला. तोंड पूर्ण उघडं, झाकण घट्ट, पडली तरी फुटणार नाही. त्या शेवटच्या फेरीत गेल्या.

आता माप. स्पिरिट काही स्वस्त नाही, आणि हवं तेवढं आणून साठवताही येत नाही. त्यावर कायद्याची बंधनं आहेत. तेव्हा कमीत कमी स्पिरिटमध्ये वाडगा बुडायला हवा. मुलांनी मापट्यानं पाणी मोजून घातलं. तुम्ही सातवी-आठवीत असाल तर सूत्रानं करून पाहा. वाडगा ७ सेंटिमीटर उंच, तो नीट बुडायला ९ सेंटिमीटर खोली धरू. टब ३० सेंटिमीटर रुंद असेल, तर ३.१४ × १५ × १५ × ९, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. बादली १८ सेंटिमीटर रुंद असेल, तर ३.१४ × ९ × ९ × ९, म्हणजे सुमारे २.३ लिटर. वाडगा स्वतः जी जागा अडवतो, ती दोन्हीकडे सारखीच. म्हणजे नुसत्या रुंदीच्या फरकानं ४ लिटर वाचले! भांडं वाडग्यापेक्षा बोटभरच रुंद हवं. त्यातही कडेला जी मोकळी जागा उरते, तिचं काय करायचं, हे एका मुलानं सांगितलं. "बाई, कावळ्यानं केलं तसं करू ना!" तहानलेल्या कावळ्याची गोष्ट पहिलीपासून वाचतोय आम्ही, पण ती कधी अशी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. काचेच्या गोट्या टाकल्या, पाणी वर चढलं. एक किलो गोट्या साधारण ४०० मिलिलिटर जागा अडवतात. काच डाग पाडत नाही, तेव्हा गोट्या पास!

आणखी एक गंमत. एकीनं वाडगा पालथा बुडवला, तर खालून बुडबुडे यायला लागले. पेला पालथा पाण्यात दाबला, की आत हवा अडकते, तसंच. पालथ्या वाडग्याची आतली बाजू कोरडीच राहिली असती. म्हणून ठरलं, वाडगा उताणाच बुडवायचा.

भांडं ठरलं असं वाटलं, तेव्हा मामा शाळेत आला. त्यानं बादली हातात घेतली, झाकण दोनदा लावून काढलं, मान डोलावली आणि विचारलं, "नाव कशानं लिहिणार?"

मुलांनी ठळक मार्कर आणला होता. मामानं खिशातल्या बाटलीतून चिंधीला दोन थेंब स्पिरिट लावलं आणि मार्करनं लिहिलेलं एक अक्षर पुसलं. एका फटक्यात गायब! मार्करची शाई स्पिरिटमध्येच विरघळते. मग त्यानं लाल तेलरंगानं अक्षरं काढली: "स्पिरिट. विष. आगीपासून दूर." आणि ती झाकणावर नाही, बादलीच्या अंगावर. "झाकणं बदलतात," तो म्हणाला. "अंग बदलत नाही."

एका मुलीनं विचारलं, "आजोबा, विष का? पॉलिशचंच आहे ना?"

मामा खाली बसला आणि त्यानं सावकाश सांगितलं. कारखान्यातलं स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी द्रव्यं घातलेली असतात. त्यातलं एक मिथेनॉल. ते थोडं पोटात गेलं तरी माणूस आंधळा होतो, जास्त गेलं तर मरतो. २०१५ साली मुंबईत मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, ती या मिथेनॉलमुळेच. "आणि दिसतं कसं? पाण्यासारखं," मामा म्हणाला. "म्हणून मी ते पाण्याच्या बाटलीत कधी भरत नाही. दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही. तहानलेलं पोर बाटलीचा आकार बघतं, आत काय आहे ते बघत नाही."

वर्ग एकदम शांत झाला. मग एक मुलगा उभा राहिला. "बाई, आमच्या न्हाणीघरात थंड पेयाच्या बाटलीत फिनेल आहे." दुसरी म्हणाली, "आमच्या गोठ्यात पिकावर फवारायचं औषध पाण्याच्या बाटलीत आहे." तिसऱ्याकडं रॉकेल, चौथ्याकडं संडास धुवायचं अॅसिड. अकरा घरांपैकी सात घरांत असं काहीतरी निघालं. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: विषाचं भांडं खाण्यापिण्याच्या भांड्यासारखं दिसता कामा नये. मुलांनी ते वहीत उतरवलं आणि घरी वाचून दाखवायचं ठरलं.

दोन दिवसांनी एका आईची चिठ्ठी आली. तिनं लिहिलं होतं: "बाई, मुलानं घरी आल्याबरोबर बाटली उचलून दाखवली. धाकटी दीड वर्षाची आहे, आता चालायला लागली. बाटली तिच्या हाताला येईल अशीच होती. फिनेल मूळच्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवलं." ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

आता वाडग्यांचं सांगते. मामानं चौदा वाडगे कातले, कारण काही फुटणार हे तो धरूनच होता. शेडमध्ये, सावलीत, चुलीपासून आणि विजेच्या बटणांपासून दूर दोन बादल्या ठेवल्या. बादली काठोकाठ भरली नाही, कारण उन्हानं द्रव फुगतो. ओली बाभूळ इतकी जड, की वाडगे स्पिरिटमध्ये सरळ तळाला गेले. स्पिरिट पाण्यापेक्षा हलकं असतं, त्याचं एक लिटर साधारण ८०० ग्रॅम भरतं. म्हणून पाण्यावर तरंगणारी काही लाकडंसुद्धा त्यात बुडतात. एक दिवस बुडवून वाडगे काढले, शेडबाहेर मोकळ्या हवेत निथळवले आणि कागदात गुंडाळले.

पुढचं काम पुन्हा मुलांचं. दर शनिवारी मामाकडून एक वाडगा यायचा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचं वजन व्हायचं. पहिल्यांदा ६१० ग्रॅम भरला. मग उतरत उतरत ४५५ वर आला आणि पुढच्या आठवड्यात तेवढाच राहिला. वजन उतरायचं थांबलं, म्हणजे वाडगा वाळला. चौदांपैकी दोन फुटले. बारा उरले. ते थोडे लंबगोल झाले होते. मामानं ते पुन्हा लेथवर चढवले, पातळ, गोल केले आणि वरून जवसाच्या तेलाचा हात दिला. आतून तांबूस तपकिरी, कडेला फिकट पिवळसर पट्टा. एकावरही काळा डाग नव्हता.

निरोप समारंभात अकरा मुलांना अकरा वाडगे दिले. देताना मी विचारलं, "यात काय ठेवणार?" सगळे एका सुरात ओरडले, "खाऊ नाही!" स्पिरिटमध्ये राहिलेला वाडगा खाण्यासाठी वापरायचा नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. कुणी सागरगोटे ठेवणार होतं, कुणी पेन्सिली, कुणी आजीची जपमाळ. बारावा वाडगा शाळेत माझ्या टेबलावर असतो. त्यात खडू असतात.

त्या दोन बादल्या मामाच्या शेडमध्ये आहेत. उरलेलं स्पिरिट त्यानं गाळून पॉलिशला वापरलं आणि बादल्यांच्या तळाला भोकं पाडली, म्हणजे पुन्हा कुणी त्यात पाणी भरायला नको. आता त्यात लाकडाच्या ढलप्या ठेवतो.

मुलांनो, तुमच्या घरी लेथ नसेल, बाभूळ नसेल. पण बाटल्या आहेतच. आज हा अंक वाचून झाला, की आई-बाबांना बरोबर घ्या आणि न्हाणीघर, गोठा, माळा, ओट्याखालची जागा बघा. बाटल्या उघडायच्या नाहीत, वास घ्यायचा नाही, नुसतं बोटानं दाखवायचं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भलतंच काही दिसलं, तर ते मोठ्यांनी मूळच्या डब्यात भरावं आणि वर ठेवावं. आणि कुणाच्या पोटात असं काही गेलंच, तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता, ती बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

तुमच्या घरात किती बाटल्या सापडल्या, ते मोजून ठेवा. आमच्या सात होत्या.